कॉन्सल आणि नगरचा अनुभव

वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर राजदूतांचीं नांवें येतात. कॉन्सलचें नांव आलेंच तर तें आंतल्या पानावर येतें. बुडालेलें जहाज, गोदींत अडकलेला माल, किंवा परमुलखांत अटकेंत पडलेला माणूस, अशा एखाद्या बातमीच्या शेवटच्या ओळींत. यामुळें राजदूत म्हणजे मोठा वकील आणि कॉन्सल म्हणजे धाकटा वकील, अशी सुशिक्षित माणसांचीहि समजूत झालेली आढळते. ही समजूत बरोबर नाहीं. दोघांचें काम मुळांतच निराळें आहे. राजदूत एका सरकारतर्फें दुसऱ्या सरकारशीं बोलतो. म्हणून तो राजधानींत राहतो आणि एका देशांत एकच असतो. कॉन्सल हा आपल्या देशाच्या माणसांसाठीं आणि मालासाठीं परक्या गांवांत राहतो. म्हणून तो बंदरांत आणि पेठेंत असतो, आणि एका देशांत असे अनेक कॉन्सल असूं शकतात. परराष्ट्रांच्या वकिलाती दिल्लींत आणि कॉन्सलांच्या कचेऱ्या मुंबई, कलकत्ता, मद्रास येथें कां, याचें उत्तर या एका भेदांत आहे.

या पदाचा जन्म दरबारांत झालेला नाहीं. तो व्यापारांत झाला. मध्ययुगांत व्हेनिस, जिनोआ, बार्सिलोना येथील सावकार भूमध्य समुद्राच्या काठच्या परक्या शहरांत वखारी घालून राहत. तेथील कायदा निराळा, भाषा निराळी, वजनें आणि मापें निराळीं. आपसांतले तंटे तोडावयास आणि तेथील अंमलदारांपाशीं गाऱ्हाणें न्यावयास त्यांना आपल्यांतलाच एक वजनदार माणूस लागे. त्यालाच कॉन्सल म्हणूं लागले. राजांनीं हें पद आपल्या हातीं घेतलें तें पुष्कळ पुढें.

या सर्वांचा अहमदनगरशीं संबंध काय, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत येणें साहजिक आहे. सीना नदीच्या कांठीं, समुद्रापासून दूर, घाटमाथ्याच्याहि पलीकडे वसलेल्या या कोरड्या मुलखांत बंदर नाहीं आणि परराष्ट्राची कचेरीहि नाहीं. परंतु परराज्याच्या माणसाला आपल्या गांवांत जागा देणें, आपला माणूस परराज्यांत पाठविणें, आणि हे दोन्ही धागे तुटले असतां काय होतें हें पाहणें, या तिन्ही गोष्टींचा अनुभव या जिल्ह्याला गेल्या पांचशें वर्षांत आलेला आहे.

मलिक अहमदानें इ. स. १४९० मध्यें बहामनी सत्ता झुगारली आणि १४९४ मध्यें भिंगारजवळ नवें शहर वसविलें. निजामशाहीला समुद्राचें दार होतें तें चौलचें. या दारांतून राज्याला सर्वांत निकडीची वस्तु येई ती म्हणजे घोडा. दख्खनच्या हवेंत उत्तम लढाऊ घोड्याची पैदास होत नसे; तो अरबस्तानांतून आणि इराणच्या आखातांतून जहाजानें आणावा लागे. विजापूर, विजयनगर आणि अहमदनगर या तिन्ही राज्यांचें बळ घोडदळावर आणि घोडदळाचें बळ समुद्रावर अवलंबून होतें. आणि सोळाव्या शतकाच्या आरंभीं तो समुद्र पोर्तुगीजांच्या आरमारानें अडविला होता. आखाताच्या तोंडाशीं असलेलें होर्मूझ त्यांच्या हातीं गेलें, तेव्हांपासून घोडा कोणत्या बंदरीं उतरावा हें ठरविण्याची ताकद गोव्याच्या गव्हर्नरापाशीं आली.

निजामशाहीनें या अडचणींतून काढलेला मार्ग विचार करण्याजोगा आहे. १५१६ सालीं पोर्तुगीजांची वखार चौलास सुरू झाली. १५२१ मध्यें पहिल्या बुऱ्हाण निजामशहानें त्यांना तेथें कोट बांधण्याची परवानगी दिली, ती घोड्यांच्या आयातीची सोय करून घेऊन. हाच आजचा रेवदंडा. एका बाजूला निजामशाहीचें जुनें चौल आणि खाडीच्या तोंडाशीं पोर्तुगीजांचें नवें चौल, अशीं दोन गांवें शेजारीं नांदूं लागलीं. पोर्तुगीज वखारीच्या प्रमुखाला ते ‘फेतोर’ म्हणत. तो आपल्या राजाचा माल घेई आणि विकी, किंमती कळवी, आपल्या लोकांच्या तक्रारी निजामशाही अंमलदारांपुढें मांडी. त्याच्या हुद्द्याला कॉन्सल हें नांव नव्हतें, पण आजच्या कॉन्सलच्या व्यापारी कामाचा पुष्कळसा भाग तो करीत होता.

समुद्रावरील सुरक्षिततेचा प्रश्नहि याच वखारींतून सुटे. पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे ‘कार्ताझ’, जवळ नसलेलें जहाज त्यांच्या गलबतांना वाटेंत सांपडलें तर तें लुटलें जाई. व्यापाराला निघालेल्या जहाजाला आणि मक्केच्या यात्रेकरूंच्या जहाजालाहि हा कागद लागे. हा न्याय जुलमाचा होता, यांत संशय नाहीं. समुद्र कोणा एकाच्या मालकीचा नव्हता. पण ज्या व्यापाऱ्याचें सारें भांडवल एका तारवांत होतें त्याला तो कागद मिळविणें भाग होतें, आणि तो मागावयाचा कोणापाशीं हें ठाऊक असणें म्हणजे अर्धें संकट टळणें होतें. कागदावरची एक सही आणि समुद्रावरचा जीव यांचा संबंध तेव्हांपासून तुटलेला नाहीं.

निजामशाहीनें परक्यांना जागा दिली, तसे आपले हेजीबहि दूरवर पाठविले. शाह ताहीर हा इराणांतून आलेला विद्वान् बुऱ्हाण निजामशहाचा सल्लागार झाला आणि गुजराथच्या बहादुरशहासारख्या बलाढ्य शेजाऱ्याकडे नगरची बाजू मांडावयास तोच गेला. इराणच्या शाह तहमास्पाच्या दरबारीं बुऱ्हाणानें ज्याला पाठविलें तो खुरशाह बिन कुबाद १५४५ च्या सुमारास तेथें पोंचला आणि दीर्घकाळ राहिला. या मुक्कामांत मिळालेल्या माहितीच्या आधारें त्यानें फारसींत जो इतिहास लिहिला, तो ‘तारीख-इ-एल्ची-इ-निजामशाह’, म्हणजे निजामशहाच्या वकिलाचा इतिहास, या नांवानेंच ओळखला जातो. इराणच्या सफवी घराण्याचा इतिहास लिहिणारे अभ्यासक आजहि हा ग्रंथ आधारास घेतात. वकिलाचें काम तहाच्या कागदावर संपत नाहीं. जेथें राहावयाचें तो देश डोळसपणें पाहावयाचा, हा धडा त्यांत आहे.

उलट दिशेनें आलेल्या माणसांत गार्सिया द ओर्ता याचें नांव घेतलें पाहिजे. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्यें गोव्यास आला. बुऱ्हाण निजामशहावर त्यानें उपचार केले. नगरच्या दरबारांतील हकीमांशीं त्याचीं औषधांवर बोलणीं होत. इकडील वनस्पतींविषयीं आणि औषधांविषयींचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्यें गोव्यांत छापला गेला, आणि त्यांत निजामशहाचा उल्लेख वारंवार येतो. युरोपला येथील औषधींची जी पहिली विश्वसनीय माहिती मिळाली, तिच्यांत नगरच्या दरबाराचा वाटा आहे तो असा. तहानें दार उघडतें तें घोड्यांसाठीं आणि कापडासाठीं. पण एकदां उघडल्यावर त्यांतून विद्याहि ये-जा करते.

हें चित्र सर्वस्वी गोड नव्हतें. मुर्तजा निजामशहाच्या कारकीर्दींत, १५७० च्या अखेरीस, अहमदनगर आणि विजापूर यांनीं एकदिलानें पोर्तुगीजांवर चाल केली. आदिलशहानें गोव्यास वेढा घातला आणि निजामशहाच्या फौजेनें चौलास. महिनोगणती तोफा चालल्या. चौलचीं घरें मातीस मिळालीं, माणसें दोन्हीकडचीं मेलीं, व्यापार बंद पडला. आणि १५७१ च्या जुलैंत तह झाला तो पूर्वींच्याच स्थितीवर. पुढें १५९४ मध्यें दुसऱ्या बुऱ्हाणाच्या वेळीं खाडीपलीकडच्या कोर्लईच्या टेकडीवरून पुन्हां झुंज लागली आणि ती जागाहि पोर्तुगीजांच्या हातीं गेली. या दोन युद्धांनीं नगरला काय मिळालें, याचा हिशेब मांडला तर शिल्लक कांहींच उरत नाहीं. समुद्रावर सत्ता नसतां समुद्राच्या दारावर तोफा डागून व्यापार हातीं येत नाहीं. मात्र एवढेंहि खरें, कीं केवळ वखार असल्यानें शांतता टिकत नाहीं. वखारवाला कोट बांधूं लागला आणि दुसऱ्याच्या जहाजांवर कर बसवूं लागला, म्हणजे तो वकील राहत नाहीं, धनी होऊं पाहतो. आजचा आंतरराष्ट्रीय कायदा कॉन्सलला अनेक सवलती देतो, पण यजमान देशाचे कायदे पाळण्याचें आणि त्याच्या अंतर्गत कारभारांत हात न घालण्याचें बंधन त्याच्यावर घालतो, त्यामागें अशाच अनुभवांचें ओझें आहे.

निजामशाही १६३६ मध्यें संपली. त्यानंतर जवळजवळ तीनशें वर्षांनीं नगरचा या विषयाशीं पुन्हां संबंध आला, आणि तो अगदीं वेगळ्या प्रकारें. १९१४ मध्यें महायुद्ध पेटल्यावर हिंदुस्थानांत राहणाऱ्या जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुषांना इंग्रज सरकारनें नजरकैदेंत टाकलें. त्यांची मोठी छावणी अहमदनगरला होती. त्यांत व्यापारी पेढ्यांचे कारकून होते, जहाजांवरचे खलाशी होते, मिशनरी होते. त्यांच्या देशाचे कॉन्सल युद्ध सुरू होतांच गेलेले. मग त्यांच्या बाजूनें बोलावयाचें कोणी?

अशा प्रसंगासाठीं एक रीत रूढ झालेली आहे. लढणारें राष्ट्र एखाद्या तटस्थ राष्ट्राला आपल्या लोकांचें हित पाहण्याची विनंति करतें. जर्मनीनें हें काम अमेरिकेकडे सोंपविलें होतें. नवल असें, कीं बर्लिनमध्यें इंग्रजांचें हित पाहण्याचें कामहि अमेरिकेच्याच वकिलातीकडे होतें. बर्लिनजवळ रूलेबेन येथें घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानावर इंग्रज नागरिकांना डांबलेलें होतें. इकडे जर्मनांना कसें वागविलें जातें हें बर्लिनला कळे, आणि तिकडे इंग्रजांना कसें वागविलें जातें हें लंडनला कळे. दोन्ही सरकारांना आपल्या माणसांची काळजी होती. म्हणून दोघांनाहि दुसऱ्याच्या माणसांची थोडी काळजी घेणें भाग पडलें. छावणींत अन्न कसें, दवाखाना आहे कीं नाहीं, टपाल पोंचतें कीं नाहीं, असल्या रुक्ष प्रश्नांच्या अहवालांनीं जें केलें तें मोठमोठ्या भाषणांनीं झालें नसतें. १९१७ च्या फेब्रुवारींत अमेरिकेनें जर्मनीशीं संबंध तोडले तेव्हां हें काम स्वित्झर्लंडकडे गेलें. आणि त्याच वर्षीं जिनिव्हाच्या रेडक्रॉस समितीचे प्रतिनिधीहि हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश येथील छावण्या पाहून गेले, त्यांत नगरची होती.

१९३९ मध्यें हाच प्रसंग पुन्हां आला. पुढें तिबेटच्या प्रवासामुळें प्रसिद्धीस आलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिख हारर हाहि प्रथम नगरच्याच छावणींत होता. या खेपेस जर्मन हितसंबंध पाहण्याचें काम आरंभापासून स्वित्झर्लंडकडे होतें. परंतु या वेळच्या कैद्यांत एक वर्ग असा होता, कीं ज्याच्याकडे पाहून कॉन्सल या पदाचें मर्म कळतें. हिटलरच्या छळाला कंटाळून हिंदुस्थानांत आश्रयास आलेले ज्यू डॉक्टर आणि व्यापारी यांच्या खिशांतहि जर्मन पासपोर्टच होता. कागदानें ते शत्रूराष्ट्राचे ठरले, म्हणून ज्यांच्या भीतीनें देश सोडला त्याच नाझींच्या शेजारीं त्यांतील कांहींना कोंडण्यांत आलें. चौकशीअंतीं पुष्कळांची सुटका झाली. पण तोंवर त्यांची कैफियत कोणी मांडावयाची? स्विस प्रतिनिधि बोलणार तो जर्मन सरकारतर्फें, आणि तें सरकार तर त्यांना आपलें मानीत नव्हतें. १९४१ च्या नोव्हेंबरांत जर्मनीनें परदेशांत राहणाऱ्या ज्यूंचें नागरिकत्वच काढून घेतलें. ज्याला राष्ट्र नाहीं त्याला कॉन्सल नाहीं, आणि ज्याला कॉन्सल नाहीं त्याचें म्हणणें परमुलखांत भिंतींना ऐकवावें लागतें. युद्धाच्या छळांत सांपडलेल्या सामान्य नागरिकांसाठीं स्वतंत्र जिनिव्हा करार झाला तो १९४९ मध्यें, या अनुभवानंतर.

त्याच नगरच्या किल्ल्यांत १९४२ च्या ऑगस्टपासून काँग्रेसच्या कार्यकारिणीचे सभासद बंदींत होते. त्यांतील जवाहरलाल नेहरूंनीं १९४४ मध्यें तेथेंच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढलें. दोन वर्षांनीं हंगामी सरकारांत परराष्ट्र खातें त्यांच्याच हातीं आलें, आणि १९४६ च्या ऑक्टोबरांत भारतीय परराष्ट्र सेवा स्थापन करण्याचा निर्णय झाला. त्यापूर्वीं या देशाला स्वतःचें परराष्ट्र धोरण नव्हतें. पण परदेशांत गेलेल्या हिंदी मजुरांचीं आणि व्यापाऱ्यांचीं गाऱ्हाणीं इतकीं झालीं होतीं, कीं परक्या सरकारलाहि तेथें हिंदी माणूस नेमणें भाग पडलें. १९२७ पासून दक्षिण आफ्रिकेंत श्रीनिवास शास्त्री यांनीं एजंटाचें काम केलें. सिलोनांत १९४३ पासून लोकनायक बापूजी अणे यांनीं, आणि ऑस्ट्रेलियांत १९४४ पासून रँग्लर परांजपे यांनीं हिंदुस्थानचें प्रतिनिधित्व केलें. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्यें औंधचे अप्पासाहेब पंत नैरोबीस भारताचे कमिशनर म्हणून गेले. या नेमणुकांमागें बहुतेक ठिकाणीं आपल्या वस्तींतील माणसांचा प्रश्न होता. राजकारणाचा डौल त्यानंतर आला.

आज या साऱ्या व्यवहाराला १९६३ च्या व्हिएन्ना कराराचा आधार आहे. कॉन्सलनें व्यापार, आर्थिक, सांस्कृतिक आणि शास्त्रीय संबंध वाढवावे. आपल्या नागरिकांना पासपोर्ट द्यावे आणि परक्यांना व्हिसा. जन्म, मृत्यु आणि वारसा यांच्या बाबतींत साह्य करावें. असें त्यांत नमूद आहे. त्यांतील छत्तिसावें कलम सर्वांत महत्त्वाचें. परदेशांत कोणाला अटक झाली आणि त्यानें इच्छा दर्शविली, तर त्याच्या कॉन्सलला विनाविलंब कळविलें पाहिजे आणि भेटूं दिलें पाहिजे. हें कलम किती मोलाचें आहे हें कुलभूषण जाधव यांच्या खटल्यानें घराघरांत समजलें. पाकिस्ताननें त्यांना फांशीची शिक्षा सुनावली, पण भारतीय कॉन्सलला भेटूं दिलें नाहीं. भारतानें हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांत दाद मागितली, आणि नागपुरांत वाढलेले बॅरिस्टर हरीश साळवे यांनीं बाजू मांडली. १७ जुलै २०१९ रोजीं पंधरा विरुद्ध एक अशा मतांनीं न्यायालयानें पाकिस्ताननें करार मोडल्याचा निर्णय दिला आणि शिक्षेचा फेरविचार करावयास सांगितलें. सुटकेचा हुकूम मात्र न्यायालयानें दिला नाहीं. कायद्याचें बळ कोठवर चालतें आणि कोठें थांबतें, दोन्ही त्या निकालांत दिसतें.

आतां व्यापाराकडे वळावें. नगर जिल्ह्यांतील घोडेगांव किंवा राहुरी येथील बाजारांत कांदा ओतणाऱ्या शेतकऱ्याचा कॉन्सलशीं कांहीं संबंध असेल असें वाटत नाहीं. पण डिसेंबर २०२३ मध्यें सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हां बंदीच्या काळांतहि कांहीं देशांना कांदा गेला. बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांसाठीं ९९,१५० टनांची मोकळीक एप्रिल २०२४ मध्यें जाहीर झाली. अशी मोकळीक सरकारांच्या आपसांतील विनंत्यांवरून मिळते. बंदीचा फटका शेतकऱ्याला बसला, आणि दारांत जी फट राहिली ती परराष्ट्रसंबंधांमुळें राहिली. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठांत तयार झालेलें ‘भगवा’ डाळिंब परदेशीं जातें, त्यालाहि तेथील आरोग्याचे नियम, फवारणीच्या औषधांच्या मर्यादा आणि कागदपत्रें यांतून वाट काढावी लागते. कोणत्या देशानें कोणता नियम बदलला, कोणती पेढी पैसे बुडविणारी आहे, कोठल्या प्रदर्शनांत माल मांडावा, ही माहिती गोळा करून मायदेशीं कळविणें हें वकिलातींतील व्यापारी अधिकाऱ्याचें रोजचें काम आहे. चौलच्या फेतोरचें काम हेंच होतें. फरक इतकाच, कीं त्याच्यामागें तोफा होत्या आणि याच्यामागें करार आहेत.

सुशिक्षित कुटुंबांना या साऱ्याचा व्यावहारिक उपयोग आहे. जिल्ह्यांतून मुलें शिक्षणासाठीं आणि नोकरीसाठीं परदेशीं जातात. त्यांनीं तेथें पोंचतांच भारतीय वकिलातींत आपलें नांव नोंदवावें, पासपोर्टाच्या प्रती घरीं ठेवाव्या, आणि मूळ पासपोर्ट धन्याच्या हवालीं करूं नये. पासपोर्ट हरवला, मालकानें पगार अडविला, अपघात झाला, मृत्यु ओढवला, तर कॉन्सलची कचेरी नवीं कागदपत्रें देते, तेथील अंमलदारांशीं बोलते, घरच्यांना कळविते. दाखले आणि पदव्या प्रमाणित करण्याच्या बाबतींत भारत २००५ पासून हेगच्या करारांत सामील आहे, त्यामुळें पुष्कळ देशांसाठीं परराष्ट्र खात्याचा एकच शिक्का पुरतो; जे देश त्या करारांत नाहींत, त्यांच्यासाठीं अजूनहि कॉन्सलची सही लागते. मात्र कॉन्सल कोणाचें कर्ज फेडीत नाहीं, न्यायालयाचा निकाल फिरवीत नाहीं, आणि तेथील कायदा मोडणाऱ्याला पाठीशीं घालूं शकत नाहीं. एवढें ध्यानांत ठेवलें तर अपेक्षाभंग होत नाहीं.

शेवटीं हें पद कशावर उभें आहे? परस्परांच्या गरजेवर. बुऱ्हाण निजामशहाला घोडे हवे होते आणि पोर्तुगीजांना वखार. इंग्रजांना रूलेबेनमधल्या आपल्या माणसांची चिंता होती आणि जर्मनांना नगरमधल्या. जोंवर एका देशाचीं माणसें आणि माल दुसऱ्या देशांत आहेत, तोंवर दोघांनाहि एकमेकांच्या दाराशीं आपला माणूस ठेवावा लागतो. त्याची कचेरी लहान असते, त्याच्या टेबलावर अर्ज आणि शिक्के असतात, त्याच्या कामाची वार्ता क्वचितच होते. परंतु परक्या मुलखांतल्या कोठडींत एखाद्या रात्रीं ज्याच्या येण्याची वाट पाहिली जाते, तो बहुधा हाच अधिकारी असतो. आणि तो येतो, तेव्हां त्याच्यामागें आपला देश उभा आहे हें त्या माणसाला प्रथमच खऱ्या अर्थानें कळतें.